लाटांची पाठ बघून होडी किनाऱ्याला लावली, त्याचं प्रकरण

मेहुण्यांच्या पायाचं प्लास्टर निघालं त्या रविवारी आम्ही सगळे त्यांच्या सिंहगड रोडच्या फ्लॅटवर जमलो आणि बायकोच्या मोबाइलमधला १ मिनिट ५० सेकंदांचा व्हिडिओ टीव्हीला लावून वीसेक वेळा पाहिला, थांबवून, मागे घेऊन, परत पुढे. पहिल्या दोन-तीन वेळा हसलो, मग हसणं बंद झालं. चाळिसाव्या सेकंदाला बायको ओरडताना ऐकू येते, "अरे थांबा, बाहेरच थांबा", एका हातात मोबाइल आणि दुसऱ्या हाताने ती ओढणी हलवतेय, आणि समोर होडीत मी मस्तपैकी हात वर करून तिला टाटा करतोय. तिला वाटलं आम्हाला कळलं. आम्हाला वाटलं ती खूश आहे.

तर हे प्रकरण. चार माणसं, एक छोटी होडी, आणि शेवटचे शंभर मीटर.

होडी अगदी साधी, फायबरची, बारा फुटी, उघडी. मित्राच्या पानशेत बॅकवॉटरच्या शेतावर असते. रिकामी नव्वद किलोच्या आसपास, मागे पाच एचपीचं आउटबोर्ड इंजिन ते पंचवीस किलो, दोन वल्ही, छोटा नांगर, तीस मीटर दोर. दोन वर्षं आम्ही ती बॅकवॉटरला चालवत होतो आणि आपल्याला होडी येते असं आमचं ठाम मत होतं. पुण्यात पाण्याचा सराव म्हणजे धरण नाहीतर नदी. एनडीएची मुलं खडकवासल्याच्या पीकॉक बेला शिकतात, सीओईपी म्हणजे पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा बोट क्लब संगमाजवळ आहे आणि त्यांची रेगाटा, होड्यांचा उत्सव, १९२८ पासूनची, आमचा मित्र तिथेच वल्ही मारून तयार झालेला, त्याचे दंड बघितले तर कोणालाही विश्वास वाटेल. पण हे सगळं सपाट पाणी. धरणात होडी काठाला लावणं हा विषयच नसतो हो, नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक चिखलात घुसलं की उडी मारायची, चप्पल अडकली तर शिव्या घालायच्या, संपलं.

आणि गंमत म्हणजे लाटा आणि बंदरांचा अभ्यास करणारी सीडब्ल्यूपीआरएस, १९१६ साली सुरू झालेली संस्था, तीही आमच्या खडकवासल्यालाच. बंदरांची छोटी मॉडेलं करून त्यात लाटा सोडून बघतात तिथे. पानशेतला जाताना शेकडो वेळा त्या बाजूने गेलोय, आत काय चालतं हा विचार एकदाही डोक्यात आला नाही.

दिवस धुळवडीचा. पुण्यात रंग रंगपंचमीला, त्यामुळे धुळवडीची सुट्टी फिरायला मोकळी. होडी छोट्या हत्तीत टाकली, पहाटे पाचला निघालो, ताम्हिणी, माणगाव, आणि दिवेआगर-श्रीवर्धनच्या पट्ट्यात एका पुळणीवर दहा वाजता. किनाऱ्याचं नाव मुद्दाम देत नाही, कारण मग लोक किनाऱ्याला दोष देतात आणि किनाऱ्याचा यात काहीही दोष नव्हता. होडीत मी इंजिनवर, मित्र, आमचे मेहुणे म्हणजे बायकोचे थोरले भाऊ, आणि त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा. लाइफ जॅकेट चौघांनीही घातली होती आणि बक्कल लावली होती, ही एकच गोष्ट आम्ही शंभर टक्के बरोबर केली.

साडेअकराला निघालो तेव्हा पाणी जवळपास सुरूच्या झाडांपर्यंत आलेलं, काठाला गुडघाभर उंचीच्या लाटा, दोन ढकले मारले आणि बाहेर. मित्र म्हणाला, हे तर पानशेतपेक्षा सोपं आहे. पुढचे तीन-चार तास फार छान गेले, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही, डोंगराच्या टोकाला वळसा घातला, पोळ्या खाल्ल्या, मेहुण्यांना एक मासा मिळाला तो त्यांनी परत सोडला. अडीचनंतर वारा वाढला. समुद्राकडून जमिनीकडे येणारा हा खारा वारा उन्हाळ्याच्या तोंडाला दुपारी जोर धरतोच, शाळेच्या भूगोलात खारे वारे मतलई वारे पाठ केलेलं सगळ्यांनी, पण ते पेपरात लिहायला, होडीत वापरायला नव्हे.

पावणेचारच्या सुमारास आम्ही किनाऱ्यासमोर आलो. दीडशे मीटर आत. आणि इथे मुलगा म्हणाला, "काका, सकाळी इथे मध्येच अशी पांढरी रेघ नव्हती ना?" मी म्हटलं, अरे वारा आलाय म्हणून. विषय संपला. हे वाक्य मी नंतर किती वेळा आठवलंय सांगता येत नाही.

आता समुद्राच्या बाजूने काय दिसतं ते सांगतो, कारण सगळं प्रकरण इथेच आहे. बाहेरून किनाऱ्याकडे बघताना लाटेची पाठ दिसते. गोल, गुळगुळीत, एकामागे एक पाठी किनाऱ्याकडे चाललेल्या, वरून थोडा फेस उडतोय, बास. लाट फुटते ती पुढच्या बाजूला, तिचं तोंड किनाऱ्याकडे असतं, ते फक्त किनाऱ्यावर उभ्या माणसाला दिसतं. म्हणून बाहेरून प्रत्येक लाट आहे त्यापेक्षा लहान वाटते. व्हिडिओत त्याच लाटा बायकोच्या बाजूने दिसतात तेव्हा मेहुणे सोफ्यावरून म्हणाले, "या आपल्याच लाटा आहेत का दुसऱ्या कुठल्या?"

आम्ही थांबलो नाही. एक मिनिटही नाही. चहाची वेळ झाली होती, हे खरं कारण. मित्राने कुठेतरी व्हिडिओ पाहिलेला, की लाटेच्या पाठीवर बसायचं आणि तिच्याबरोबर आत जायचं, पुढे जायचं नाही मागे राहायचं नाही. ऐकायला बरोबर आहे, आहेही बरोबर, पण ते बघितलेलं होतं मोठ्या इंजिनच्या रेस्क्यू बोटीचं.

मी पूर्ण थ्रॉटल दिला. पहिली लाट खालून गेली, होडी जरा उचलली आणि मागे घसरली. दुसरी उंच होती, तिने मागची बाजू उचलली ती उचलतच राहिली, आणि मेहुणे आणि मुलगा दोघंही पुढे बसलेले, उतरायला तयार म्हणून नाळेपाशी सरकलेले. नाळ समोरच्या खोलगट पाण्यात घुसली. हे सगळं व्हिडिओत चार सेकंदांत आहे पण होडीत ते फार सावकाश झालं, मला नाळेवरून पाणी आत येताना दिसलं, हिरवं, फेसाचं नाही, जाड हिरवं पाणी, आणि हातातलं टिलर, म्हणजे इंजिन वळवायचा दांडा, एकदम हलकं झालं कारण मागे पंखा हवेत फिरत होता. पुढचं टोक पाण्यात रुतलंय, मागचं टोक लाट ढकलतेय, मग होडी करणार काय, फिरली. आडवी झाली आणि लाट कुशीवर घेऊन उलथली.

चौघं पाण्यात. पाणी छातीपर्यंत. मुलगा समुद्राच्या बाजूला पडला, मी आणि मित्र मागे, आणि मेहुणे होडी आणि किनारा यांच्या मध्ये. होडी परत सरळ झाली पण काठोकाठ भरलेली. मेहुण्यांनी जे केलं ते कोणीही भला माणूस करेल, दुसऱ्याची महागाची वस्तू वाचवायला त्यांनी होडीची कड दोन्ही हातांनी धरली आणि छाती लावून तिला अडवायला उभे राहिले. पुढची लाट आली.

बारा फुटी होडीत भरून सातशे-एक लिटर पाणी सहज मावतं. म्हणजे सातशे किलो, वर होडी, वर इंजिन. गच्चीवरची हजार लिटरची टाकी भरलेली आहे आणि ती सायकलच्या वेगाने तुमच्याकडे सरकतेय, तिला हाताने अडवाल का? होडीची कड त्यांच्या नडगीवरून खाली आली आणि पाऊल वाळूत दाबलं गेलं. घोट्याच्या वरचं हाड मोडलं. आवाज आला असं ते म्हणतात, मी लाटेत काही ऐकलं नाही.

इंजिनची किल कॉर्ड, म्हणजे चालवणारा पडला की ओढली जाऊन इंजिन बंद करणारी दोरी, जी माझ्या मनगटाला हवी होती, ती मी "सारखी हात ओढते" म्हणून टिलरलाच गुंडाळून ठेवलेली. म्हणजे मी बाहेर पडल्यावर इंजिन चालूच. पाण्यात चार माणसं आणि फिरता पंखा. ते पाणी पिऊन स्वतःच बंद पडलं हे आमचं नशीब, यात आमचा काहीही हात नाही. पंखा नंतर वाळूत आपटून त्याची शिअर पिन तुटली ती वेगळी.

मेहुण्यांना तिघांनी बाहेर ओढलं, एक वल्हं मोडलेलं होतं त्याचा तुकडा आणि बायकोची तीच ओढणी, असा पाय बांधला. तालुक्याच्या ठिकाणी पहिला उपचार, मग गाडीत मागच्या सीटवर उशीवर पाय आणि ताम्हिणीचं प्रत्येक वळण. सहा आठवडे प्लास्टर. एक गोष्ट मात्र मला अजून दिसते, आम्ही त्यांना ओढत असताना त्यांची टोपी आणि माझी एक चप्पल, सगळ्या लाटा किनाऱ्याकडे येत असताना, उलट्या दिशेने शांतपणे समुद्रात चालली होती, लाटांमध्ये जिथे फट होती तिथून. फुटलेलं पाणी परत बाहेर जायला अशी वाट शोधतं. मित्र आदल्या मिनिटाला त्याच फटीकडे बोट दाखवून म्हणत होता की तिकडे बघ, तिकडे शांत आहे. होडीला कधीकधी ती वाट बरी पडते कारण तिथे खोली असते, पण माणूस पाण्यात पडला तर तो त्या चपलेसारखा बाहेर जातो.

होडी ओढायला गावातले पाच-सहा जण आले. त्यात एक म्हातारे तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके, होते, जाळं शिवता शिवता उठून आलेले. होडी वर घेतल्यावर मेहुण्यांनी दुखत्या पायानेच विचारलं, "नाखवा, आमचं चुकलं काय?" तांडेलांनी उत्तरेकडच्या टोकाला मान केली. तिकडे डोंगराच्या आडोशाला सात-आठ होड्या ओळीने वर ओढून ठेवलेल्या. म्हणाले, "साहेब, आमच्या होड्या तिकडंच का लावल्यात, सकाळी विचारलं का कोणाला?"

विचारलं नव्हतं. आम्ही पार्किंगच्या समोर उतरलो होतो.

वायव्येचा वारा, उत्तरेला डोंगराचं टोक, टोकाच्या पोटाशी लाट निम्मी. पार्किंगपासून चालत दहा मिनिटं. एवढंच होतं.

आता त्या रविवारी टीव्हीसमोर कागद घेऊन जो हिशेब केला तो सांगतो, कारण "समुद्र खवळला होता" असं सगळ्यांना सांगत फिरणं सोपं होतं आणि ते खोटं होतं. समुद्र खवळला नव्हता. पाणी कमी झालं होतं.

धुळवड म्हणजे पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीची प्रतिपदा. कोकणात जुना हिशेब आहे, तिथीला पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची साधारण वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, प्रतिपदेला पाऊण. घड्याळाच्या मिनिटाला धरून नाही, पण घराच्या भिंतीवर टांगलेल्या कॅलेंडरवरून एवढं कळतं आणि आमच्या स्वयंपाकघरात ते कॅलेंडर आहे, त्यावर दुधाचा हिशेब लिहिलाय. म्हणजे भरती पाऊण वाजता, ओहोटी संध्याकाळी सातच्या आसपास. शिवाय पौर्णिमेची म्हणजे उधाणाची, पाणी जास्त चढतं आणि जास्तच उतरतं. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे छोट्या भरतीला, हा फरक कमी असतो.

आणि पाणी सहा तास एकसारखं उतरत नाही. खलाशांचा ठोकताळा बाराव्या हिश्शांचा आहे, पहिल्या तासात एक हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, मग दोन, मग एक. पावणेचारपर्यंत तीन तास झाले, म्हणजे सहा हिस्से, अर्धं पाणी गेलेलं आणि सगळ्यात जोरात उतरण्याच्या मध्यावर आम्ही. उतार तीन मीटरचा धरला तर दीड मीटर पाणी गायब. किनाऱ्यापासून ऐंशी-एक मीटरवर वाळूचा आडवा बांध होता पाण्याखाली, तो आम्ही ओहोटीला पाण्यातून वर आलेल्या फिकट रंगावरून ओळखला, तेही होडी ओढून झाल्यावर. सकाळी त्याच्यावर समजा २.७ मीटर पाणी, दुपारी १.२.

लाट तिच्या उंचीच्या साधारण १.३ पट खोलीला आली की फुटते. मीटरभराची लाट १.३ मीटर पाण्यात. सकाळी बांधावर तिला फुटायला कारणच नव्हतं, ती खालून गुपचूप गेली आणि आम्ही म्हटलं, काय सोपं आहे. दुपारी तीच लाट, किंवा वाऱ्याने थोडी वाढलेली, बरोबर बांधावर फुटत होती. मुलाने दाखवलेली पांढरी रेघ ती हीच. जिथून निघालो तो किनारा आणि जिथे परत आलो तो किनारा, जागा एक पण दोन वेगळे किनारे.

दुसरा हिशेब वेगाचा. उथळ पाण्यात लाटेचा वेग खोलीवर ठरतो, खोली गुणिले ९.८, त्याचं वर्गमूळ. १.३ मीटरला सेकंदाला साडेतीन मीटरच्या आसपास, म्हणजे ताशी तेरा किलोमीटर. मग होडी दुरुस्त झाल्यावर पानशेतला तिघं बसून, मेहुण्यांच्या जागी तेवढ्या वजनाचं तांदळाचं पोतं आणि पाण्याचे कॅन ठेवून, मोबाइलच्या जीपीएसवर पूर्ण थ्रॉटलला मोजलं. नऊ. ताशी नऊ किलोमीटर! आमची होडी फुटणाऱ्या लाटेच्या पाठीवर राहूच शकत नव्हती, प्रत्येक लाट तिला मागून गाठणारच, आणि मागून गाठून उचलणारच. मित्राचा सल्ला चुकीचा नव्हता, तो दुसऱ्या होडीचा होता. हे मोजायला पाच मिनिटं लागली. दोन वर्षांत कोणी मोजलं नव्हतं.

तिसरं वजन. लाट मागून येत असेल तर वजन थोडं मागे हवं, समुद्राकडचं टोक जड, म्हणजे लाट ते सहज भिरकावत नाही. अगदी टोकाला नको, सरळ मधल्यापेक्षा थोडं मागे. आम्ही उलट केलं, उतरायच्या घाईत दोन माणसं पुढे. बसमध्ये स्टॉप यायच्या आधी दारात जाऊन उभं राहतात तसं.

आणि पर्याय काय होते? सात वाजेपर्यंत पाणी उतरतच राहणार आणि मग अंधार, म्हणजे भरतीची वाट बघणं बाद. खाडीच्या मुखातून आत घुसायचा विचार मित्राने नंतर मांडला, मला तो आणखी वाईट वाटतो, मुखाशीही बांध असतो आणि ओहोटीचं पाणी बाहेर येताना समोरून लाट आली की ती उभी होते. उत्तरेचा आडोसा, पेट्रोल होतं, वेळ होता. हाच पर्याय खरा होता. तेही नसतं तर बाहेरच थांबून फोन. कोस्ट गार्डचा १५५४ माझ्या मोबाइलमध्ये तेव्हा नव्हता आणि मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत डब्याखाली होता, ओला झालेला.

हळू होडीने लाटांतून आत यायचं असेल तर कसं यायचं, हे आम्ही तांडेलांकडे परत जाऊन शिकलो, मे महिन्यात, जमिनीवर. होडी घेऊन गेलोच नाही. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, त्यामुळे ते होड्या वर घेण्याच्या तयारीत होते, ओंडक्यांवरून होडी सरकवताना बोलत होते आणि मी आणि मित्र ओंडके मागून काढून पुढे ठेवत होतो. ते म्हणाले बाहेर थांबायचं. किती? "लाट तुमच्याशी बोलेपर्यंत." मला वाटलं हे कायतरी कवितेतलं, पण त्यांचा अर्थ अगदी हिशेबी होता. मोठ्या लाटा एकट्या येत नाहीत, घोळक्याने येतात, मग काही वेळ बारक्या. दहा-पंधरा मिनिटं नुसतं मोजायचं, घोळक्यात किती, मधे किती वेळ. शेवटची मोठी तुमच्या खालून गेली की लगेच तिच्या मागे निघायचं, पुढच्या घोळक्याची पहिली येण्याआधी बांध ओलांडायचा.

आणि होडी वेगवान नसेल तर नाळ समुद्राकडे ठेवून उलट्या वल्ह्यांनी मागे मागे यायचं. नाळ ही लाट फोडायलाच बनवलेली असते, आपली मागची बाजू चपटी, इंजिनची. लाट आली की वल्ही उलटी न मारता तिच्याकडे एक-दोन हात पुढे मारायचे, तिला नाळेवर घ्यायचं, ती गेली की परत मागे. इंजिन बाहेरच बंद करून वर उचलायचं. दुसरी पद्धत नांगराची, फुटणाऱ्या लाटांच्या बाहेर नांगर टाकायचा आणि दोर थोडा थोडा सोडत मागे यायचं, दोर नाळेला समुद्राकडे धरून ठेवतो. पण दोर पायात नको आणि सुरी हाताशी हवी. आम्ही नांगरवाली पद्धत केली नाही, आमचा दोर तीस मीटर, तो पुरणारच नव्हता.

हे सगळं सपाट पुळणीचं. उभ्या उताराच्या किनाऱ्यावर लाट थेट काठावर येऊन आपटते, तिथे आमच्यासारख्यांनी जाऊच नये असं माझं मत आहे, तांडेल फक्त हसले.

पावसाळाभर पानशेतला उलट्या वल्ह्यांचा सराव केला. बघणाऱ्यांना वेड लागल्यासारखं दिसतं, शांत पाण्यात दोन माणसं नाळ उलटीकडे करून मागे येतायत आणि एक जण अधूनमधून "लाट!" ओरडतोय. इंजिन मात्र लगेच सुरू झालं नाही, कारण आम्ही ते पुण्यात येऊन तिसऱ्या दिवशी उघडलं. समुद्राचं पाणी आत गेलेलं इंजिन त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवायचं, प्लग काढून आतलं पाणी काढायचं, ऑइल बदलायचं असतं. तीन दिवसांत आत गंज धरलेला. नाना पेठेत पार्टसाठी चार फेऱ्या झाल्या आणि मेकॅनिकने प्रत्येक फेरीला विचारलं, धुतलं का नाही?

दुसऱ्यांदा गेलो कार्तिकातल्या शुद्ध अष्टमीला. मुद्दाम. भांगाची, फरक कमी, आणि हिशेबाने भरती सहाला, म्हणजे चारच्या सुमारास पाणी चढतं असणार, बांधावर दर मिनिटाला खोली वाढणार आणि होडी टेकली तरी पुढची लाट तिला आणखी वर नेणार. आदल्या दिवशी इन्कॉइसचा, म्हणजे समुद्राचे अंदाज देणाऱ्या सरकारी संस्थेचा, अंदाज बघितला, लाटेची उंची ०.७ मीटर. यातली एक मेख आधी कळली नव्हती, ही उंची म्हणजे सगळ्यात मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी, त्यामुळे एखादी लाट जवळपास दुप्पटही येऊ शकते. गावात सांगितलं. मेहुणे होडीत बसले नाहीत, आग्रह कोणी केला नाही, ते आणि बायको किनाऱ्यावर.

खुणा ठरवल्या, कारण टाटाचा धडा होता. दोन्ही हात वर सरळ म्हणजे या. दोन्ही हात आडवे म्हणजे थांबा. एक हात हलवणं बाद, त्याला अर्थच नाही. लाटांचं तोंड तिला दिसतं म्हणून हुकूम तिचा, होडीतल्या कोणाचंही मत नाही.

चारला उत्तरेच्या आडोशासमोर आलो, थांबलो. इंजिन बंद, वर. मित्र वल्ह्यांवर, मी मागे, मुलगा मध्ये मोजतोय. घोळका चार-पाच लाटांचा, मग दीड-पावणेदोन मिनिटं शांत. तीन घोळके जाऊ दिले. बायकोचे हात आडवे. चौथ्याला मित्र म्हणाला, आता गेलो असतो, मी म्हटलं तिचे हात बघ. आडवे. आणि खरंच शांततेत एक चुकार मोठी आली, आमच्या खालून गेली आणि बांधावर फुटली. पाचव्या घोळक्याची शेवटची गेली आणि तिने दोन्ही हात वर केले.

मित्राने उलटं मारायला सुरुवात केली. वीस हात, पंचवीस. बांधावर एक लाट आली, मुलगा ओरडला, मित्राने दोन हात पुढे मारले, नाळ वर गेली, धप्पकन खाली, थोडं पाणी मांडीवर, गेली. परत मागे. मग तिथेच मला कळलं की मला भीती वाटत नाहीये कारण मला येणारी लाट दिसतेय, मागच्या वेळी ती माझ्या पाठीमागे होती.

गुडघाभर पाण्यात मागचं टोक टेकलं. आम्ही तिघं कडेवरून नाळेच्या बाजूला उतरलो, समुद्राकडे, होडी आणि किनारा यांच्या मध्ये कोणी नाही, कड कोणी धरली नाही, फक्त नाळ धरून तिला लाटांना सरळ ठेवायचं. मी मागचा दोर किनाऱ्याकडे फेकला. दर लाटेला होडी हातभर वर, लाट ओसरली की धरून उभं राहायचं, पुढच्या लाटेला परत.

दोर ओढायचं काम मेहुण्यांचं होतं. पण ते होडीच्या वाटेपासून एवढे लांब, एवढे बाजूला जाऊन उभे राहिले होते की फेकलेला दोर त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही. "इथूनच ओढणार," म्हणाले. बायकोने गाडीतून सामान बांधायचा दुसरा दोर आणला आणि तो जोडला.